परक्यांची पंगत

जपून उतरा, वाळू भुसभुशीत आहे. हे काळे पडलेले दगड दिसतात ना, त्या आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या चुली. उपकारस्तुतीच्या, म्हणजे पिकासाठी देवाचे आभार मानायच्या सणाला चर्चमध्ये जे धान्य अर्पण होतं, ते आमच्या वाडीत कुणाच्याही घरात शिजत नाही. इथं नदीकाठीच शिजतं. त्याचं कारण वडीलधारे असं सांगतात.

फार वर्षांपूर्वी पाऊस लागोपाठ हुकला. तेव्हा अर्पणाचं धान्य दुर्कसबाई सांभाळत. विधवा बाई, पोटी मूल नाही. चर्चमागच्या खोलीत बाजरीची कणगी होती नि खोलीची किल्ली बाईंच्या कमरेला. बरे दिवस होते तेव्हा वाडीनं ती बाजरी सढळ हातानं दिली होती, उपाशी माणसांसाठी म्हणून.

मग वरच्या मुलखातली माणसं आली. गुरं वाटेत मेलेली, अंगावर चिंध्या. इथं वाळूत येऊन बसली. कुठली, कोण, कुठल्या देवाची, असं वाडीनं विचारलं आणि दारं लावून घेतली. दुर्कसबाईंनी मात्र कणगी उघडली आणि टोपली भरून नदीवर नेली.

दुपारपर्यंत वाडी चर्चसमोर गोळा झाली. काहींच्या हातात कुऱ्हाडी होत्या. पुढे होता बाईंचा सख्खा दीर, याकोब.

"वैनी, किल्ली द्या. आमची लेकरं पाला खातात आणि तुम्ही वाटसरूंना वाढता?"

"भावजी, ही बाजरी आता तुमची नाही, माझीही नाही. देवाला देऊन झाली."

"आम्हीच दिली ना? मग आम्हीच परत नेतो. नाहीतर दार फोडतो."

बाईंनी कमरेची किल्ली सोडली. त्यांनी स्वतःच दार उघडलं आणि बाजूला झाल्या.

"न्या. मी अडवणार नाही. पण एकेकानं या, वेदीपुढं उभं राहून मोठ्यानं सांगा, की दिलेलं परत नेतो. मी मापून देईन."

कुणी हलेना. शेवटी याकोब आत गेला. वेदीपुढं उभा राहून त्यानं ते शब्द मोठ्यानं म्हटले. बाईंनी त्याला शीग लावून भरभरून माप घातलं, एक उणा शब्द काढला नाही. तो बाहेर पडला, तेव्हा मागच्यानं पासोडी पसरायला घेतली होती.

घरी याकोबची बायको लेया पोराला मांडीवर घेऊन बसली होती. पोराला रडायचंही बळ नव्हतं. याकोबनं पोतं जात्याशी ठेवलं.

"कुठली बाजरी?" तिनं विचारलं.

त्यानं सांगितलं. ती पोतं बघत राहिली. मग उठली, पोर कडेवर घेतलं, पोतं डोक्यावर.

"ही या घरात शिजायची नाही."

"लेया, पोर मरेल!"

"पोराला घेऊनच चाललेय."

चर्चसमोरून ती कुणाकडे न बघता गेली. इथं तिनं दगड मांडले, बाजरी दगडावर भरडून परक्यांच्याच भांड्यात घाटा शिजवला. पहिला वाडगा परक्यांतल्या एका म्हाताऱ्याला दिला. मग त्यांच्या लेकरांना. सगळ्यांत शेवटी, त्याच भांड्यातला, आपल्या पोराला. तोवर याकोब जळण फोडून घेऊन आला होता. त्याच्या मागून एकेक करत वाडी आली, नेलेली बाजरी घेऊन.

कणगी तेव्हा आपोआप भरली, असं कुणी कुणी सांगतात. आमच्या आज्या तसं सांगत नसत. बाजरी संपली. पुढे सगळ्यांनी मिळून याच चुलींवर पाला उकडला. लेयाचं पोर वाचलं. परक्यांतली काही माणसं वाचली नाहीत, त्यांना आमच्याच दफनभूमीत जागा मिळाली.

आजही सणाच्या दिवशी इथं भांडी चढली की मंडळीचे पंच डांबरी रस्त्यावर जाऊन उभे राहतात आणि ओळख नसलेल्या वाटसरूला विनवून आणतात. पहिलं पान त्याचं. तो जेवल्याशिवाय वाडीतलं कुणी बसत नाही. गेल्या साली कुणी थांबेचना. एक ट्रकवाला थांबला, तोवर ऊन कललं होतं. भाकरी गार झाल्या होत्या. लेकरं भुकेनं कळवळली होती, पण एकानंही हात पुढं केला नाही.