चंद्रीच्या तोंडातला हिरडा

फार वर्षांमागं एकदा, पहाटे बरोबर साडेपाचला घाटाखालच्या देवळात घंटा वाजली आणि चंद्री शेकरूच्या जिवाची घालमेल सुरू झाली. आज तिच्या लेकीची, तांबूची, उडीची शर्यत होती. ओढ्यावरून पलीकडच्या जांभळीवर जायचं. गेली दोन वर्षं पोर पाण्यात पडली होती. तिसऱ्यांदा पडणाऱ्याला पुन्हा शर्यतीत घेत नसत.

चंद्री फांदीवर नुसती येरझाऱ्या घालत होती. "वस्ताद, अजून थोड्या उड्या मारून घ्या की तिच्याकडून!"

तांबूला शिकवणारा म्हातारा वानर म्हणाला, "वर्षभर घेतल्यात. पाय तयार आहेत. आता ती डोळे मिटून मनातल्या मनात उडी मारतीय. कुठली फांदी, कुठं पंजा, सगळं बघतीय. तिला बोलू नको."

"मग पडते कशानं मेली?"

"ती उडाली की तू ओरडतेस, 'पडशील गं!' मग ती फांदी सोडून तुझ्याकडं बघते." त्यानं चंद्रीच्या पंज्यात एक हिरडा ठेवला. "हा तोंडात धर. थुंकायचा नाही."

तुरट हिरड्यानं चंद्रीचं तोंड आवळून आलं. तांबू धावली, उडाली. चंद्रीची किंकाळी गळ्यापर्यंत आली आणि तिथंच अडली. पलीकडची फांदी जोरात हलली. तिला घट्ट धरून तांबू लोंबकळत होती.

"आई," ती तिकडूनच ओरडली, "आज तू आली नाहीस का गं?"

बायांनो, तुमच्या शेजारी कुणाचं पोर उडी घ्यायला निघालं असेल, तर त्याच्या आईच्या कानावर एवढं घाला.