गणोबा आणि काचेचा धागा

डोंगराच्या पायथ्याशी विणकरांचं एक गाव होतं. तिथे गणोबा नावाचा एक विणकर राहायचा. त्याच्या मागावरचा ताणा सैल पडलेला कधी कुणी पाहिला नव्हता. घरही त्याने तसंच ताणून धरलं होतं. त्याची एकुलती एक मुलगी सुगंधा शहरात जाऊन शिकते म्हणाली, तेव्हा तो एवढंच बोलला, "माझ्या डोळ्यांसमोरून हलायचं नाही." सुगंधाही त्याचीच लेक. तिने चपला घातल्या आणि घळीच्या वाटेने तडक मामाच्या गावाला निघाली.

ती घळीत शिरली आणि मागे दरड कोसळली. वाट बुजली. दुपारी मामाचा फोन आला, पोरगी अजून पोचलीच नाही. गणोबा माग तसाच सोडून घळीकडे धावला.

तालुक्याहून मदतीची माणसं आली. त्यांनी ड्रोन उडवला, पण घळीच्या पहिल्याच वळणाला त्याचा संपर्क तुटायला लागला. रेडिओच्या लहरी खडकापलीकडे जाईनात. तो कसाबसा माघारी आणावा लागला. मग पथकाच्या प्रमुख तडवीबाईंनी दुसरा ड्रोन काढला. त्याच्या पोटाशी एक रीळ होतं आणि रिळावर केसाएवढा बारीक काचेचा धागा. ड्रोन पुढे जाई तसा धागा मागे उलगडत जाई. त्या धाग्यातून उजेड धावत होता, आणि घळीच्या पोटातलं सगळं चित्र बाहेरच्या पडद्यावर येत होतं.

गणोबा बघतच राहिला. आयुष्यभर त्याने सूत पाहिलं होतं, रेशीम पाहिलं होतं, जरतार पाहिली होती. पण ज्याच्यातून डोंगराआडचं दिसतं असा धागा असू शकतो, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्याने नकळत हात जोडले.

त्या गावाची एक रीत होती. भुईवर पडलेला धागा तुडवायचा नाही, उचलून बोटाला गुंडाळायचा. गणोबा पडद्यासमोर उकिडवा बसला होता. त्याचं सगळं लक्ष चित्राकडे होतं, पण बोटांना रीत पाठ होती. त्यांनी शेजारून गेलेला धागा उचलला आणि एका बोटाला त्याचा घट्ट वेढा दिला.

पडदा काळा पडला.

"धाग्याला कुणी हात लावला?" तडवीबाई ओरडल्या.

गणोबाने धागा गुंडाळलेलं बोट वर केलं.

"काका, हलू नका. धागा असा आवळला की उजेड पुढे जात नाही. ओढलात तर तुटेल, आणि दुसरं रीळ आमच्याकडे नाही."

गणोबाला ते ऐकू आलं, पण मन ऐकेना. पलीकडे कुठेतरी लेक आहे. ओढावा हा धागा, जोर लावून ओढावा, आणि तिला खेचून घरी आणावं. आजवर त्याने दुसरं केलं तरी काय होतं? बोटं आणखी आवळली. धागा कातडीत रुतला.

मग त्याने श्वास रोखला आणि जन्मात पहिल्यांदा ताण सोडला. हळूहळू वेढा उलगडला आणि तान्ह्या बाळाला पाळण्यात ठेवावं तसा तो धागा भुईवर ठेवला.

पडदा पुन्हा उजळला. ड्रोन आणखी एक वळण घेऊन आत गेला. तिथे कपारीत, पाय धरून बसलेली सुगंधा दिसली. घरघर ऐकून तिने वर पाहिलं आणि हात हलवला. एवढ्या मोठ्या डोंगराला वळसा घालून, केसाएवढ्या काचेतून तो हात बापापर्यंत आला. गणोबा पडद्याला हात लावून ढसाढसा रडला.

ड्रोनने दाखवलेल्या वाटेने माणसं कड्यावरून उतरली आणि तिला झोळीतून घेऊन आली. आता आप्पा फैलावर घेणार म्हणून तिने मान खाली घातली.

गणोबाने तिच्या सुजलेल्या पायावरून हात फिरवला. "लई दुखतंय का गं?"

"थोडं, आप्पा."

"बरा होऊ दे पाय. मग शहराच्या गाडीत मीच बसवून देतो. तेवढं अधूनमधून दिसत जा म्हणजे झालं."

तात्पर्य: माणसांना जोडणारा धागा ओढायचा नसतो, तो सैल धरला, तर आपलं माणूस कितीही लांब गेलं तरी दिसत राहतं.