मळजाईचं उसनं कणीस

फार वर्षांपूर्वी, म्हणजे आमच्या आज्याला मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा, वाळुखेडात लवट्यांच्या घरी सोजर नावाची मुलगी जन्मली. रांगता रांगता तिने स्वतःच्या वावरातलं ढेकूळ तोंडात घातलं आणि तोंड वाकडं केलं. शेजारच्या वावरातलं मात्र मिटक्या मारत खाल्लं, असं म्हणतात. मातीची पारख ही अशी जन्मापासूनची. वडिलांनी तिला शिकायला धाडलं, तेव्हा भावकी म्हणाली, पोरगी हातची गेली. सोजर शिकत शिकत शहरातल्या शेतकी कॉलेजापर्यंत पोहोचली आणि डॉक्टर होऊन गावी परत आली.

दुसऱ्याच दिवशी लवट्यांच्या ओसरीवर खोकलेकरी आणि तापकरी दाटीवाटीने येऊन बसले.

"म्या मान्सांची डॉक्टर न्हाई वो," सोजर म्हणाली. "म्या ज्वारीची डॉक्टर हाय."

"ज्वारीला खोकला झाल्याला आमी तरी ऐकला न्हाई," असं म्हणत तातोबा पाटील उठले, आणि त्यांच्या मागोमाग सगळी ओसरी हसत उठली.

पण ज्वारीला खरंच रोग जडला होता. वाळुखेडचा शाळू, म्हणजे हिवाळी ज्वारी, पंचक्रोशीत नावाजलेला. त्याची भाकरी तिसऱ्या दिवशीही मऊ राहायची, आणि कडबा इतका गोड की परगावची गुरं बांध ओलांडून यायची. त्या शाळवावर काणी पडली. काणी म्हणजे कणसात दाण्याऐवजी नुसती काळी भुकटी. आधी एका वावरात दिसली, मग ओढ्यापलीकडे, मग शिवारभर. मळजाई कोपली म्हणून लोकांनी देवीला कोंबडं दिलं, बकरं दिलं, तरी काणी हटेना. शेवटी परगावचं बी आणायचं घाटू लागलं. एकदा परकं बी शिवारात शिरलं की वाळुखेडचा शाळू पुन्हा डोळ्यांना दिसायचा नाही, हे सोजरला ठाऊक होतं. तिला घास गोड लागेना.

ती शिवारभर अनवाणी हिंडली. कणसांना कान लावून त्यांचं दुखणं ऐकायची, असं म्हणतात. खरं तर ती भिंगातून बघत होती, पण गोष्टीत कान लावलेलाच बरा वाटतो. आणि एक दिवस तिला दुखणं सापडलं. वाळुखेडात सगळ्या गावाचं मिळून एकच खळं होतं, मळजाईच्या देवळापुढे. गावाला त्या एकीचा कोण अभिमान! पण एका वावरातली काळी भुकटी बैलांच्या पायांखाली उडायची आणि घरोघरच्या बियाण्याला चिकटायची. एकीच्या खळ्यावर गाव इमानेइतबारे काणी वाटून घेत होतं.

"मंग निरोगी बी ऱ्हायलंय कुठं?" पाटलांनी विचारलं. आता ते हसत नव्हते.

सोजरने देवळाकडे बोट केलं. मळणीआधी प्रत्येक घर आपलं सगळ्यात टपोरं कणीस मळजाईला वाहायचं. त्या कणसांचं तोरण मंडपाला टांगायचं, ते चिमण्यांच्या वाटणीचं. तेवढी कणसं खळ्यावर कधी उतरलीच नव्हती.

गाव चरकलं. देवाला दिलेलं परत घ्यायचं? हौसाबाई गुरवीण दारात आडवी उभी राहिली. "पोरी, दिल्यालं दान मागं घेतलं तर गावाचं तळपट हुईल."

शेवटी देवीचा कौल लावायचं ठरलं. हौसाबाईने मळजाईच्या दोन्ही खांद्यांना एकेक फूल चिकटवलं. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. सकाळ गेली, दुपार कलली, एकही फूल हलेना. नवल म्हणजे त्या दिवशी चिमण्या तोरणावर येऊन बसल्या, पण एकीनेही दाणा टिपला नाही, असं म्हणतात.

मग सोजर पुढे झाली आणि तिने पदर पसरला. "आई, दान मागं मागत न्हाई मी. उसनं मागती. पीठ सरलं की शेजारणीकडं जातो न्हवं, तसं. पुढल्या साली मापावर शीग लावून, घेतल्यापरास वाढवून परत करीन."

उजवं फूल निसटलं ते थेट तिच्या पदरात पडलं.

हौसाबाईचे डोळे भरून आले. तिने स्वतः शिडी लावली. "उसन्याला बाया न्हाई म्हनत न्हाईत," ती तोरण सोडता सोडता म्हणाली. "अन् देवी झाली तरी बाईच की."

सोजरने त्या बियाला गंधक चोळलं आणि देवळामागच्या पट्टीत ते पेरलं. कणसं निसवून बाहेर आली तशा तिने उडती भुकटी लागू नये म्हणून त्यांना कापडी पिशव्या बांधल्या. ज्वारीला कुंच्या शिवल्या म्हणून बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पण त्या वर्षी काणी औषधालाही दिसली नाही. एकेका कणसावर चिमण्यांची अख्खी वरात जेवून उठली तरी दाणे उरले, असं म्हणतात. मळजाईचं उसनं शीग लावून फिटलं, उरलेलं बी घरोघर गेलं, आणि त्या सालापासून ज्याने त्याने आपलं खळं वेगळं केलं.

आता गाव बियाण्याला जपू लागलं, आणि इतकं जपू लागलं की बाहेर एक दाणा जाऊ देईना. सोजर सांगून सांगून थकली, "एका पेवातलं बी एका पुरात जातं. वाटा रं बाबांनो." लोक माना डोलवायचे आणि घरी जाऊन जमिनीतल्या धान्याच्या पेवावर धोंडा ठेवायचे.

सोजर म्हातारी झाली आणि एका सुगीत गेली. दहाव्याला ओढ्याकाठी पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. लवट्यांनी शब्द दिला, तुझं वावर विकणार नाही. पाटलांच्या नातवाने शब्द दिला, शाळवाची राखण करू. कावळे बाभळीवरून नुसते बघत राहिले. तेव्हा हौसाबाईची नात सगुणा पुढे आली. तिचं लग्न ठरलं होतं.

"सोजरआजी," ती म्हणाली, "म्या सासरी जाताना तुजं कनीस घिऊन जाईन. तिकडच्या रानात पेरीन."

तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत कावळा खाली उतरला.

आजही वाळुखेडात मळणीआधी टपोरी कणसं मळजाईला वाहतात, पेरणीला गुरवीण ती उतरवून घरोघर देते, आणि घेणारी बाई 'सोजरचं उसनं' म्हणून कपाळाला लावून घेते. मुलगी सासरी निघाली की तिच्या ओटीत नारळाशेजारी शाळवाचं एक कणीस घालतात. नीट नांद, हे सांगायच्याही आधी आई तिच्या कानात सांगते, "खायाचं न्हाई, पेरायचं." नवऱ्याकडची माणसं हसतात. दोन सुग्या सरल्या की तीच माणसं त्या शाळवाची भाकरी मोडताना हळूच विचारतात, "सूनबाई, तुमच्या गावात आनखी लग्नाच्या पोरी हायत का?"