राजाचा क्रम चौथा

सूर्य कासराभर वर आला होता. नगराच्या वेशीबाहेर एक रंगाऱ्यांची वस्ती होती. तिथली रंगाची सगळी पिंपं कोरडी होती. वस्तीचा पाट एकोणीस दिवसांपासून बंद होता. पाणी राजाच्या कमळबागेकडे वळवलं होतं. डबक्याचं पाणी पिऊन वस्तीतली दोन माणसं दगावली होती.

लोक चिडले. गोफणी बाहेर निघाल्या. राजाने पाणी सोडलं नाही, एक भिक्खू पाठवला. लोकांना मैत्री भावना, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतण्याची साधना, शिकवा आणि सुरुवात राजाचं मंगल चिंतून करा, असा हुकूम होता.

भिक्खू म्हातारा होता आणि खोटं बोलत नसे. त्याने सगळ्यांना डोळे मिटून श्वासाकडे पाहायला बसवलं. त्यांचा श्वास संथ झाला, तेव्हा त्याने साधनेचा क्रम सांगितला. आधी स्वतःचं मंगल चिंतायचं, मग जिवलगाचं, मग अनोळख्याचं, शेवटी वैऱ्याचं.

सोबतचा कारभारी कुरकुरला, "भन्ते, राजाचं नाव पहिलं घ्यायचं ठरलं होतं."

येसाई रंगारीण डोळे न उघडता म्हणाली, "थांबा जरा, कारभारी. राजा चौथा आहे. आम्ही अजून पहिल्यावरच अडलोय. 'मी सुखी होवो' म्हणते, तर घशाला कोरड."

ती उठली. राग गेला नव्हता, पण त्याचा लगाम आता तिच्या हातात होता. गोफणी तिथेच ठेवून वस्ती तिच्यामागे, पाट जिथून निघतो त्या तलावावर गेली. पाटाच्या तोंडाशी पाणी अडवणारी फळी होती आणि तिच्यापुढे एक पहारेकरी भाला रोखून उभा होता. कुणाच्या ओळखीचा नव्हता.

"बाबा, तुझं भलं होवो," येसाई म्हणाली. "फळी मात्र मी उचलणार. मारायचं तर मार."

पहारेकरी बाजूला झाला. पाणी सुटलं.

लोक ओंजळीने पाणी प्यायले, पुन्हा बसले आणि राजाचंही मंगल चिंतलं, मनापासून. मग येसाई दरबारात गेली. पाट कुणाच्या हुकमाने बंद केला, असं तिने विचारलं. राजाने प्रधानाकडे पाहिलं, प्रधानाने कारभाऱ्याकडे, कारभाऱ्याने जमिनीकडे. दोन माणसं मेली. हुकूम कुणाचा होता, हे आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही.

तात्पर्य: मन शांत करावं, ते अन्यायासमोर न थरथरता उभं राहण्यासाठी. वैऱ्याचंही भलं चिंतावं, पण त्याला जाब विचारणं सोडू नये.