शेवटचा ओटा

पूर्वी कुंभवती नगरावर अरिंदम राजाचे राज्य असताना बोधिसत्त्व त्याच्या दरबारी बांधकामाचा अमात्य होता. वेशीबाहेरच्या माळावर दर आठ दिवसांनी बाजार भरे, आणि त्या बाजाराने बोधिसत्त्वाचे डोके उठे. गेल्या खेपेस तेली बसला होता तिथे आज दोरखंडवाला, आणि तेली शोधावा तर भलतीकडेच. प्रत्येक बाजाराला सगळे विक्रेते एकेक जागा मागे सरकत आणि अगदी शेवटचा होता तो वेशीशी येऊन बसे. असे का, हे विचारण्याचे बोधिसत्त्वाला सुचले नाही. शहाण्या माणसांचे असे होते.

त्याने तिथे ऐंशी दगडी ओटे बांधले. सगळे एका मापाचे, सगळ्यांवर सारखे छप्पर. काड्या ओढून ज्याला जो ओटा आला, तो कायमचा त्याचा ठरला. राजा खूश झाला आणि वर्ष सरल्यावर बोधिसत्त्वाला एक गाव इनाम द्यायचे त्याने कबूल केले.

पण वर्षाच्या आतच मागचे ओटे ओस पडू लागले. बोधिसत्त्व बुचकळ्यात पडला. दोरी लावून त्याने सारे ओटे पुन्हा मोजले, बोटभरही फरक निघाला नाही. शिपाई म्हणाले, मागच्या बायका आळशी आहेत. तेही त्याला पटेना, कारण त्याच सगळ्यांच्या आधी येत. काही केल्या उलगडा होईना.

अखेर एका बाजारी तो स्वतःच शेवटच्या ओट्यावर जाऊन बसला. तिथे उत्पला नावाची विधवा पालेभाजी विकत असे. तिने सरकून जागा दिली आणि सांगितले की हा तिचा शेवटचा बाजार, आता ती मुलींना घेऊन दूरच्या वीटभट्टीवर जाणार. दिवस कलला. गिऱ्हाइके वेशीजवळच टोपल्या भरत आणि तिथूनच परतत. माठाच्या जुड्या सुकून गेल्या. बोधिसत्त्वाला त्यांच्याकडे पाहवेना.

"पूर्वी तुम्ही जागा का बदलत होता?" त्याने विचारले.

"वेशीजवळची जागा कुणा एकाची नव्हती," उत्पला म्हणाली. "मागं बसायची पाळी सगळ्यांवर यायची, तशी पुढं बसायचीही यायची. हे आम्हाला कुणी विचारलंच नाही, अमात्य."

बोधिसत्त्वाला लाज वाटली. आणखी एका बाजारापुरते थांब, अशी त्याने तिला विनंती केली आणि दुसऱ्या दिवशी भर दरबारात सारे सांगितले. आता राजा गोंधळला. काम चुकले असे तूच म्हणतोस, मग गाव कशाबद्दल द्यायचे, असे त्याने विचारले.

"देऊ नये, महाराज," बोधिसत्त्व म्हणाला. "ओटे चांगले आहेत. जागांची वाटणी मात्र विक्रेत्यांचीच बरोबर होती, ती मी मोडली."

गाव गेले. पुढच्या बाजारी सगळे एकेक ओटा मागे सरकले. तेली कुरकुरला, गिऱ्हाइके एकमेकांना पत्ते विचारीत फिरली, आणि त्या गलबल्यात वेशीशी बसलेल्या उत्पलेची टोपली दुपारीच रिकामी झाली. ती वीटभट्टीवर गेली नाही.

धर्मसभेत ही कथा सांगून शास्ता भगवान म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाची उत्पला म्हणजे आज दाराशी बसलेली ही वृद्ध उपासिका. तेली म्हणजे या सभेत रोज पुढची जागा धरणारा तो भिक्षू, आणि अरिंदम राजा म्हणजे माझा शिष्य आनंद. दोरी लावून दगड मोजत बसलेला अमात्य मीच होतो. लाभावर पाणी सोडून आपली चूक चारचौघांत सांगणे, ही सत्यपारमिता होय."