आसवांचा रांजण

एका राज्यात उदास बसायला मनाई होती. राणी वारली तेव्हा राजा सुप्रतीकाला दुःख सोसवेना, म्हणून त्याने एका मांत्रिकाला बोलावले. मांत्रिकाने राजासकट साऱ्या प्रजेची आसवे काळ्या रांजणात कोंडली आणि जाताना शाप ठेवला: ज्याच्या तोंडावरचे हसू मावळेल, त्याच्या घराच्या दाराची भिंत होईल.

तेव्हापासून लोक हसत जेवले, हसतच त्यांनी आपली माणसे चितेवर ठेवली.

त्या नगरीत मालन राहत होती. तिचा नवरा भिवा नावाडी. तो पुरात गेला. शेजारची गिरिजाकाकू खिरीची वाटी घेऊन आली.

"हस गं, मालन. तुझ्या बऱ्यासाठीच सांगते."

काकूचा आवाज कापत होता, ओठ मात्र ताणलेले होते. मालन हसली. रोज हसली. एका सकाळी मात्र ओठ हलेनात. दाराची चौकट आक्रसू लागली. ती खिडकीएवढी उरली तेव्हा मालन अंग चोरून बाहेर पडली आणि तिने रानाची वाट धरली.

"कुठे निघालीस?" माळावरच्या टिटवीने विचारले.

"रडायला."

"मग डोंगरातल्या गुहेत जा. आसवांचा रांजण तिथेच आहे. तो मिळवायला मांत्रिक तीन कामे सांगेल."

पहिले काम विसरवेलीचे फळ न चाखता आणण्याचे. त्याच्या नुसत्या वासाने भिवाचा चेहरा पुसट होऊ लागला. मालन त्याचे नाव घेत चालत राहिली. दुसरे काम आरशांचे दालन ओलांडण्याचे. प्रत्येक आरशातली मालन आनंदात होती आणि हात पुढे करून तिला आत बोलावत होती. एकीपाशी ती बराच वेळ थांबली, कारण ती फार थकली होती. मग पुढे गेली.

तिसरे काम रांजण उचलण्याचे. तो जागचा हलेना.

"साऱ्या राज्याचे दुःख आहे ते," मांत्रिक म्हणाला. "हस आणि घरी जा. तुझे दार मी उघडून देतो."

मालनला घर आठवले, चूल आठवली. ती म्हणाली, "मला साऱ्यांचे नको. माझे तेवढे दे."

आजवर कुणी आपले दुःख परत मागितले नव्हते, आणि मागणाऱ्याला नाही म्हणण्याचे बळ त्या मंत्रात नव्हते. मालनने रांजणात हात घातला. ऊन आसवे ओंजळीत आली. तिने ती डोळ्यांना लावली आणि खाली बसून हंबरडा फोडला. रांजण तडकला. मांत्रिक धुरासारखा विरून गेला. ज्याची आसवे त्याच्याकडे गेली, आणि नगरीतल्या भिंतींची पुन्हा दारे झाली. आत कोंडलेली माणसे उजेडात येऊन उभी राहिली.

राजाने मालनला दरबारात बोलावले. त्याचे डोळे सुजले होते.

"आता मी किती दिवस रडायचे?"

"ते मी कसे सांगू, महाराज? मला माझेही ठाऊक नाही."

राजा सिंहासनावरून उतरून पायरीवर बसला. त्याने दवंडी पिटवली की यापुढे कुणी कुणाला हसायला लावू नये.

मालन घरी आली. गिरिजाकाकू उंबऱ्यावर वाट पाहत होती. दोघी दिवस कलेपर्यंत शेजारी बसून रडल्या. मग काकूला भिवाची आठवण झाली, नाव उलटली तरी पागोटे भिजू न देणाऱ्या भिवाची. तिने ती सांगितली, आणि मालनला खुदकन हसू आले.