बाणाचा मुजरा

द्वारकाबाई ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होत्या, तेवढ्यात गढीवरचा शिपाई बातमी घेऊन आला. "काकू, निंबाजीकाकांनी केलेलं धनुष्य सरदार उद्या चावडीपुढे जाळणार. बाण सारखा डावीकडे जातोय म्हणे."

बाईंच्या नवऱ्याला, निंबाजींना, जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि ते त्यांच्या हातचं शेवटचं धनुष्य होतं. बाई सूप बाजूला सारून तडक गढीवर गेल्या.

सरदार भैरोजीरावांनी बाण बदलले होते, दोरी बदलली होती, नेम धरायला दोरीत ओवलेला मणीही सरकवून पाहिला होता. रानडुकरं मात्र मजेत होती.

"सरकार, एकदा माझ्यासमोर मारा," बाई म्हणाल्या.

सरदारांनी दोरी गालापर्यंत ओढून सोडली. झुपकेदार मिशीचं टोक दोरीत अडकलं, ओढ बसली आणि बाण अंगणातल्या डावीकडच्या आंब्याच्या खोडात रुतला. भोवती जमलेल्या दरबाऱ्यांनी ते पाहिलं आणि सगळे घाईघाईने आंब्याकडे बघू लागले.

"बघितलंत? धनुष्यातच खोड आहे!" सरदार गरजले.

"आहे खरी, सरकार. सुटता सुटता बाण तुमच्या मिशीला मुजरा करतो. वाकलेला मग सरळ कसा जाईल?"

"मग त्याला सांगा, मुजरा करू नकोस म्हणून!"

"सांगते की. फक्त उद्या जाळताना दवंडी काय पिटायची? सरकारांना मुजरा केला म्हणून जाळलं?"

मुजऱ्याला वाकलेले दोन मानकरी तसेच अर्ध्यात थांबले. सरदारांचा हात नकळत मिशीवर गेला.

धनुष्य दिवाणखान्यात मानाने टांगलं गेलं. मिशी कापायची मात्र राहूनच गेली.